एकाच घरातले दोन भाऊ, एक नागरिक आणि एक परका: कलम १४ इथं चालतं का?

झाडीपट्टी_सेवाकेंद्र

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ प्रतापगडला, नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तिथल्या घरांत वारंवार येणारा प्रश्न एका नमुन्यावर मांडतो. नावं मुद्दाम देत नाही.

वडील तिबेटात जन्मले, १९६० च्या आसपास भारतात आले. आई १९६५ ची, मैनपाटच्या वसाहतीत जन्मलेली (आता छत्तीसगडचा सरगुजा जिल्हा). मोठा मुलगा १९८५ चा, घरीच सुईणीच्या हातून झालेला, नोंद कुठंच नाही. धाकटा १९९० चा, सरकारी दवाखान्यातला, जन्माचा दाखला आहे. धाकट्याची मुलगी २०१३ ची. सगळ्या मोठ्यांकडे परकीय नागरिक म्हणून दिलेलं नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, आहे.

सगळे सांगतात की १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेला मोठा भारतीय, आणि धाकटा परका. माझे प्रश्न तीन. एकाच आईबापाची, एकाच घरातली लेकरं अशी वेगळी काढणं राज्यघटनेच्या कलम १४ च्या समतेविरुद्ध नाही का? थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाता येतं का? आणि आधार व मतदार कार्ड हातात असेल तर एवढी खटपट करायचीच काहून?

खंडपीठ_रस्ता

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, फक्त आईच्या ओळीवर नजर गेली नाही. आधी कलम १४ बघू.

कलम १४ मधला शब्द ‘व्यक्ती’ आहे, ‘नागरिक’ नाही. म्हणून आरसीवाल्यालाही ते लागू आहे. कलम २१ चंही तसंच. १९९६ च्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट सांगितलं. कलम १५, १६ आणि १९ मात्र फक्त नागरिकांसाठी.

पण ‘१ जुलै १९८७ ही तारीखच विषम आहे’ असं म्हणून याचिका लावाल तर ती टिकणार नाही, असं माझं मत. वर्गीकरणाची कसोटी १९५२ च्या अन्वर अली सरकार प्रकरणापासून तीच आहे: गट कशावरून पाडला ते स्पष्ट हवं, आणि त्या गटाचा कायद्याच्या हेतूशी संबंध हवा. सीमारेषेची तारीख ठरवायची मोकळीक न्यायालयं संसदेला सहसा देतात, आणि नागरिकत्वाचे नियम करण्याचा अधिकार संसदेला कलम ११ नं थेट दिलाय. १७ ऑक्टोबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नागरिकत्व कायद्यातलं आसामसाठीचं कलम ६अ चार विरुद्ध एक असं उचलून धरलं, तेही तारखांवरच उभं असलेलं कलम आहे. रेषेच्या अल्याड-पल्याड दोन भाऊ पडले म्हणून रेषा मोडत नाही.

आता कायदा वाचा. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ३:

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मला, तो जन्मानं नागरिक. आईबाप कुठले हे विचारायचंच नाही. अपवाद फक्त परदेशी राजदूतांची लेकरं आणि शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात जन्मलेली शत्रूराष्ट्रीयांची लेकरं.

१ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४: जन्माच्या वेळी आई किंवा बाप, दोघांपैकी एक नागरिक हवा.

३ डिसेंबर २००४ पासून पुढे: दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा ‘बेकायदा स्थलांतरित’ नसलेला.

तुमची आई १९६५ ला भारतात जन्मली, म्हणजे पहिल्या ओळीत ती स्वतःच नागरिक. मग १९९० चा धाकटा दुसऱ्या ओळीत आपोआप नागरिक. भावांमध्ये फरक नाहीच. भांडण धाकट्याच्या जन्माचं नाही, आईच्या १९६५ च्या जन्माचं आहे, आणि सगळे धाकट्याचाच दाखला घेऊन फिरून राहिले!

२०१३ च्या नातीचं थोडं अवघड. बाप नागरिक ठरला तरी तिची आई कोण ते बघावं लागेल. तीही १९८७ च्या आधी भारतात जन्मलेली असेल तर प्रश्न मिटला. ती नंतर सीमा ओलांडून आलेली असेल तर ती ‘बेकायदा स्थलांतरित’ या व्याख्येत बसते की नाही यावर वाद होईल. तेव्हा प्रवेशाचा परवाना आणि पहिली आरसी हे दोन कागद निर्णायक ठरतात.

चहा_टपरी_अर्जुनी

एवढं काय जी? आधार आहे, मतदार कार्ड आहे, मत टाकतात. झालं की नागरिक!

खंडपीठ_रस्ता

नाही होत. आधार कायद्याचं कलम ९ च सांगतं की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही एका जामीन प्रकरणात म्हटलं की आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र जवळ असणं म्हणजे नागरिक असणं नव्हे.

मतदार यादीचं वजन मात्र थोडं वेगळं आहे. १९९५ च्या लाल बाबू हुसेन निकालानुसार, आधीच्या यादीत नाव असलेल्याला नोटीस न देता, संशयाचं कारण न सांगता, त्याचे कागद न बघता काढता येत नाही. जुनी नोंद कामी येते ती एवढ्यासाठी. १९५०–८७ मध्ये भारतात जन्मलेल्या तिबेटींची नावं यादीत घ्यावी अशी सूचना निवडणूक आयोगानं २०१४ मध्ये दिली होती, तीही जोडायला हरकत नाही.

कोणी नमुना ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, भरून हरकत घेतली तर सुनावणीला हजर राहा आणि लेखी उत्तराची पोच घ्या. नाव वगळलंच तर आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील, तिथंही हरलात तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. नमुना ६, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, नव्यानं भरून मोकळं होणं लोकांना सोपं वाटतं, पण त्यानं आधीच्या वगळणीचा आदेश तसाच उभा राहतो आणि पुढं दुसऱ्या कामात आडवा येतो.

अभिलेख_कक्ष

कागदांचं मी सांगतो, कारण बहुतेक प्रकरणं इथंच मरतात.

आईचा जन्म मैनपाटचा, म्हणजे तिची उशिराची जन्मनोंद तिथल्याच निबंधकाकडे होईल, अर्जुनीत नाही. जन्म जिथं झाला तिथं नोंद, हा नियम आहे. सासरच्या गावात अर्ज करून सहा महिने घालवणाऱ्या बायका आपल्याकडंही काही कमी नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दाखला मागायचा सासरच्या ग्रामपंचायतीत, हा घोळ जुनाच.

क्रम असा. आधी स्थानिक निबंधकाकडून, म्हणजे गावात ग्रामसेवकाकडून, ‘नोंद आढळत नाही’ असा अनुपलब्धता दाखला. तो वर्षाच्या शिक्क्यासह घ्या, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची नोंदवही पाहिली ते त्यात लिहून मागा. मग जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३(३) खाली अर्ज. पूर्वी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडं होतं. २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि ते जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडं गेलं. महाराष्ट्रात २०२५ मध्ये या उशिराच्या नोंदींवर मोठा गदारोळ झाला, विदर्भातल्या तहसिलींचीही जुनी प्रकरणं फेरतपासणीला निघाली आणि पद्धत कडक झाली. म्हणून मोठ्या मुलाचा अर्ज नुसत्या प्रतिज्ञापत्रावर आणि आधारवर करू नका. आधारवरची जन्मतारीख कित्येकदा तोंडी सांगितलेली असते, तपासणारा तीच आधी उचलतो.

काय जोडायचं? मोठ्यासाठी: शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरची साक्षांकित नक्कल. शाळा सोडल्याचा दाखला नव्हे, मूळ रजिस्टरची नक्कल, कारण दाखला नंतर कधीही लिहिला जातो आणि रजिस्टरमधली नोंद अनुक्रमांकाच्या ओळीत, मागच्या-पुढच्या पोरांच्या मध्ये बसलेली असते. मग लसीकरणाची नोंद, वसाहत कार्यालयाचं कुटुंब रजिस्टर, आणि पहिली आरसी.

आईसाठी: तिची पहिली आरसी सर्वात मोलाची. नूतनीकरण झालेली नव्हे, पहिली. त्यात ‘जन्मस्थान’ या रकान्यात काय लिहिलंय ते भिंग लावून बघा. भारतात जन्मलेल्यांच्याही आरसीत कारकुनानं ‘तिबेट’ लिहून टाकल्याची उदाहरणं असतात, आणि एकदा ते सरकारी कागदावर चढलं की तुमच्याविरुद्ध तोच पुरावा. तसं असेल तर परकीय नोंदणी अधिकाऱ्याकडं, म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात, आधी दुरुस्तीचा अर्ज टाका आणि मूळ नोंदणी अर्जाची प्रत माहिती अधिकारात मागा. मूळ अर्जात बहुधा खरं स्थान सापडतं.

आपल्या बाजूच्या शेतकरी घरांचं तसं सोपं असतं: कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल, आणि १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, बंदोबस्त मिसल, जुना पी-१ असे जमिनीचे कागद. जात पडताळणीसाठी हे सगळे कागद लोकांनी आधीच काढलेले असतात. निर्वासित वसाहतींना ही सोय नाही, कारण त्या वसल्याच उशिरा आणि जमीनही बहुतेक भाडेपट्ट्याची. तिथं पुनर्वसनाच्या याद्या आणि शाळा एवढंच हाती लागतं. ३० वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला असेल तर न्यायालय त्याला अस्सल धरू शकतं. म्हणून वसाहत कार्यालयातली नुसती झेरॉक्स आणू नका, ‘हा कागद या कार्यालयाच्या ताब्यात आहे’ अशी सही-शिक्क्याची नोंद तिच्यावर घ्या.

नावांचं म्हणाल तर तेन्झिन एका कागदावर तेनझीन, दुसऱ्यावर तेंजिन असतंच, आडनावही नसतं. घाबरू नका. जुलै २०२४ च्या रहीम अली विरुद्ध आसाम राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नावाच्या स्पेलिंगमधले आणि तारखेतले किरकोळ फरक यावरून कोणाला परकं ठरवता येत नाही. त्याच निकालात दुसरं महत्त्वाचं: सिद्ध करायचा भार व्यक्तीवर असला तरी संशय घेण्यापुरतं काहीतरी साहित्य आधी सरकारकडं असावं लागतं, आणि ते त्या व्यक्तीला दाखवावं लागतं. वाऱ्यावर बोट दाखवून नोटीस काढता येत नाही.

झाडीपट्टी_सेवाकेंद्र

आईकडं खरंच लक्ष गेलं नव्हतं. आता पुढचं सांगा. पासपोर्टचा अर्ज टाकला, पोलीस पडताळणीत ‘राष्ट्रीयत्व तिबेटी’ असा शेरा पडला आणि अर्ज अडकला, तर? आणि वसाहत सोडावी लागते असं लोक म्हणतात, ते खरं का?

खंडपीठ_रस्ता

पासपोर्ट हाच सर्वात सरळ रस्ता, कारण त्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ असा आदेश निघतो आणि आदेश असला की त्याला आव्हान देता येतं. ‘मी नागरिक आहे का’ असं नुसतं पत्र मंत्रालयाला पाठवलं तर त्याचं उत्तर वर्षानुवर्षं येत नाही, आणि उत्तर नाही म्हणजे न्यायालयात दाखवायला काही नाही.

अर्ज नाकारला तर पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ५(३) खाली कारणांची प्रत लेखी मागा. मागितल्याशिवाय ते देत नाहीत, कायद्यातच ‘मागणी केल्यास’ असं आहे. मग कलम ११ खालचं अपील, ३० दिवसांत. पण नकार खुद्द केंद्र सरकारच्या आदेशानं असेल तर अपील नाही, तिथं थेट रिट, म्हणजे उच्च न्यायालयात याचिका. अर्ज नुसताच लोंबकळत ठेवला असेल तर दोन स्मरणपत्रं रजिस्टर पोस्टानं आणि मग ‘निर्णय घ्या’ असा आदेश मागणारी याचिका.

घटनेच्या कलम २२६ ची ही याचिका नागपूर खंडपीठात चालते, कारण विदर्भातले अकराही जिल्हे त्याच्याकडं आहेत आणि नकार तुम्हाला गोंदियात मिळाला, म्हणजे वादाचं कारण इथंच घडलं. अपिलाचा रस्ता मोकळा असताना थेट आलात असा आक्षेप येईल. १९९८ च्या व्हर्लपूल निकालात अपवाद दिलेत: मूलभूत हक्काचा भंग, न ऐकता दिलेला निर्णय, किंवा अधिकारच नसताना दिलेला आदेश. तरी अपील करून आलेलं बरं, उगाच पहिल्याच तारखेला माघारी फिरायला नको.

मागणी कशी लिहायची ते नीट ऐका. ‘मला भारतीय नागरिक घोषित करा’ एवढंच लिहू नका. रिटमध्ये साक्षीपुरावे घेत नाहीत. जन्म कुठं झाला यावरच सरकारनं वाद घातला तर न्यायालय म्हणेल की जा दिवाणी न्यायालयात. म्हणून मागणी अशी: अमुक तारखेचा नकार रद्द करा, अर्जदार नागरिकत्व कायद्याच्या कलम ३(१) च्या अमुक खंडात बसतो हे धरून अर्जाचा ठराविक आठवड्यांत नव्यानं निर्णय करा, तोवर आरसीच्या नूतनीकरणाला अडवू नका. ही शेवटची अंतरिम मागणी लोक विसरतात आणि मधल्या काळात दोन्हीकडून लटकतात.

जन्माच्या जागेवर खराच वाद असेल तर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ३४ खाली घोषणेचा दावा, आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. दिवाणी न्यायालयाला यात अधिकार नाही असं सरकारी वकील हमखास म्हणतो. १९६२ च्या अकबर खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो मुद्दा निकाली काढलाय: परदेशी नागरिकत्व घेतलं का, एवढाच प्रश्न नागरिकत्व कायद्याच्या कलम ९(२) खाली केंद्राचा; मुळात नागरिक होता का, हे न्यायालय ठरवू शकतं.

तिबेटींच्या बाजूनं मुख्य निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचे. डिसेंबर २०१० चा नामग्याल डोलकर निकाल: १९८६ मध्ये कांगड्यात जन्म, आरसीवर तिबेटी, पासपोर्ट नाकारलेला. न्यायालय म्हणालं, जन्मानं मिळालेलं नागरिकत्व आरसी घेतल्यानं किंवा स्वतःला तिबेटी म्हणवल्यानं जात नाही. ते जाण्याचे मार्ग नागरिकत्व कायद्यात ठरलेले आहेत, कलम ८, ९ आणि १०. सप्टेंबर २०१६ च्या फुंत्सोक वांग्याल निकालानं तेच पुन्हा बजावलं. नागपूरला हे निकाल बंधनकारक नाहीत, पण वजनदार आहेत.

आता वसाहतीचं. मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं असे पासपोर्ट द्यायचं मान्य केलं, पण अटी घालून: आरसी आणि ओळख प्रमाणपत्र (परदेश प्रवासासाठी तिबेटींना मिळणारा कागद) रद्द करून घ्या, वसाहतीत राहू नका, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा. तुमच्या कलम १४ ची खरी जागा इथं आहे. १९८७ च्या तारखेपुढं ते दुबळं पडतं, कारण ती तारीख संसदेची. पण जो कलम ३ नं नागरिक ठरला त्याला ‘घर सोड, मग पासपोर्ट देतो’ असं पत्रकानं सांगायचं आणि शेजारच्या गावातल्या नागरिकाला तसं सांगायचं नाही, या भेदाला कायद्याचा आधार कुठं आहे? पासपोर्ट नाकारायची कारणं पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ मध्ये मोजून दिलेली आहेत, त्यात राहण्याचा पत्ता नाही. वर कलम १९(१)(ङ), देशात कुठंही राहायचा हक्क, तो आता त्याला लागू झालेला. सवलती सोडायला सांगणं एकवेळ समजू शकतं. घर सोडायला सांगणं माझ्या मते टिकू नये.

मुलचेरा_चामोर्शी

गडचिरोलीच्या बाजूनं एक भर. आमच्याकडं मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं वसवलेली आहेत, आणि इथं उलटा घोळ होतो.

२०१९ च्या दुरुस्तीनं नागरिकत्व कायद्यात कलम ६ब आलं: अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती यांना नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. तेव्हापासून १९८० मध्ये इथंच जन्मलेले लोकसुद्धा तो अर्ज भरायला निघतात. भरू नका बाप्पा! त्या अर्जात तुम्ही स्वतःच लिहून देता की मी परदेशी, अमुक तारखेला भारतात आलो. जन्मानं नागरिक असलेल्यानं ते कशाला लिहायचं? अर्ज फेटाळला गेला तर ते लिहून दिलेलं तुमच्याच गळ्यात.

आधी घरातल्या माणसांची जन्मतारखेनुसार यादी करा. १ जुलै १९८७ च्या आधी इथं जन्मलेले बाजूला काढा, त्यांच्या लेकरांना त्यांच्यावरून जोडा. आजोबांना त्या काळी नोंदणीनं नागरिकत्व मिळालं असेल तर ते प्रमाणपत्र ट्रंकेत शोधा, नाही सापडलं तर जिल्हाधिकारी कार्यालयात नोंद मागा. यातून जो खरोखर उरेल, तिकडं जन्मलेला आणि कुठलीच नोंदणी न झालेला, त्यानंच ६ब कडं बघावं.

तिबेट ६ब मध्ये नाही, श्रीलंकेचे तमिळही नाहीत. देश आणि धर्म यांवरून पाडलेला हा गट कलम १४ च्या कसोटीला उतरतो का, याच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत; मार्च २०२४ मध्ये नियमांना स्थगिती मागितली गेली, ती न्यायालयानं दिली नाही. आपल्या तालुक्यातल्या माणसानं त्या निकालावर आपलं घर टांगून ठेवू नये.

झाडीपट्टी_सेवाकेंद्र

शेवटचं एक. वकिलाचा खर्च? आणि आरसी आधी जमा केली तर काम लवकर होईल असं एका एजंटानं सांगितलंय.

खंडपीठ_रस्ता

आरसी जमा करायची नाही. पासपोर्ट हातात येईपर्यंत किंवा न्यायालयाचा आदेश होईपर्यंत ती चालू ठेवा, मुदतीच्या आत नूतनीकरण करा. आरसी गेली आणि पासपोर्ट आला नाही, तर माणूस नागरिकही नाही आणि नोंदणीकृत परकीयही नाही. त्या अवस्थेत रस्त्यावर कोणी अडवलं तर दाखवायला काहीच नाही. एजंटाला म्हणा, हे लेखी दे.

खर्चाचं: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. ते कलम अर्ज करणाऱ्या ‘व्यक्ती’साठी आहे. तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या, उच्च न्यायालयासाठी नागपूरला वेगळी उपसमिती आहे, फोनवर विचारायचं तर १५१००. आणि तसंही सगळ्या प्रकरणाचं मूळ आईचं नागरिकत्व आहे. पासपोर्टचा पहिला अर्ज तिचाच टाका. तिचा नकार आला की याचिकेत अर्जदार क्रमांक १ ती, मुलगे २ आणि ३.

अभिलेख_कक्ष

आणि मैनपाटला जाण्याआधी तिथल्या शाळेला पत्र टाकून ठेवा. जुनी रजिस्टरं कपाटात असतात, ते उघडणारा माणूस रोज नसतो.